न खपलेल्या बाटल्या

अमेरिकेतल्या दारूच्या दुकानात गिऱ्हाइकाची ऐपत त्याच्या मानेवरून ओळखता येते. काउंटरमागच्या कुलूपबंद काचेच्या कपाटाकडे मान वर करून पाहतो तो पैसेवाला. समोरच्या फळीवर नजर ठेवून उभा असतो तो पगारदार. आणि जो खाली वाकलाय, एक गुडघा टेकलाय, चष्मा कपाळावर चढवून लेबल वाचतोय, तो आपल्यातला.

पन्नाशीनंतर खालची फळी वाचणं सोपं राहत नाही. बसताना काही वाटत नाही, उठताना बाटलीची खरी किंमत कळते. तरी केंटकीतल्या लुइव्हिलला भाच्याकडे गेलो की मी आधी त्या फळीपाशी जाऊन बसतो. एव्हन विल्यम्स, ओल्ड क्रो, बेंचमार्क, एन्शंट एज, व्हेरी ओल्ड बार्टन. 15-20 डॉलरच्या आतबाहेरची ही बर्बन मंडळी फरशीपासून वीतभर उंचीवर निमूट उभी असतात. भाचा म्हणतो, "मामा, जरा वर बघ ना! पैसे मी देतोय." त्याला काय सांगणार? ज्याचं तारुण्य क्वार्टरच्या हिशेबात गेलं, त्याला फुकटची महाग दारू लागत नाही.

या खालच्या फळीची गंमत अशी की कायद्याला ती दिसतच नाही. अमेरिकेत बर्बन म्हणून जे विकायचं त्यात निदान 51 टक्के मका हवा. उरलेल्यात राय किंवा गहू, आणि थोडी मोड आणून वाळवलेली बार्ली. गाळताना अल्कोहोल 80 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, पिंपात भरताना 62.5 च्या वर नाही, बाटलीत 40 च्या खाली नाही. पिंप ओकचं हवं, कोरं हवं, आणि आतून जाळून काळं केलेलं हवं. रंग घालायचा नाही, साखर घालायची नाही, घालायचं ते पाणी. 15 डॉलरच्या बाटलीला हे जेवढं लागू, तेवढंच दीड हजारांच्या बाटलीलाही. आमच्या कॉलेजच्या दिवसांत व्हिस्कीच्या नावाखाली ग्लासात जे पडे, त्यात धान्य नावाला आणि साखर कारखान्याची मळी फार. त्यावर तयार झालेल्या घशाला, लेबलावर लिहिलंय तेच बाटलीत आहे, एवढीसुद्धा चैन वाटते.

पिंप कोरंच हवं या अटीमुळे एकदा वापरलेलं पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही. मग ती पिंपं स्कॉटलंडला जातात, आणि आपल्या गोव्यातही येतात. कुंकळ्ळीची पॉल जॉन सिंगल माल्ट अशाच पिंपांत मुरते. पिंपाचा प्रवास सोपा, बाटलीचा मात्र महाग. भारतात बर्बनवर 150 टक्के आयात शुल्क होतं, ते फेब्रुवारी 2025 मध्ये 100 टक्क्यांवर आलं. त्यामुळे केंटकीत जी जिम बीम गुडघ्याच्या उंचीवर असते, ती पुण्याच्या वाइन शॉपमध्ये इम्पोर्टेडच्या फळीवर, दिव्याखाली, मान ताठ करून उभी असते. परदेशी गेल्यावर भाव वाढतो तो काही फक्त जावयांचाच नाही.

बर्बनच्या धंद्यात नवं असं काही नसतंच. ओल्ड क्रो, ओल्ड टेलर, ओल्ड ग्रँडडॅड, ओल्ड फॉरेस्टर, ओल्ड फिट्झजेराल्ड, आणि एवढ्यानेही भागेना म्हणून व्हेरी ओल्ड बार्टन. या शेवटच्या बाटलीवर एके काळी 6 वर्षं मुरवल्याचं स्पष्ट लिहिलेलं असे. पुढे बर्बनला मागणी आली, 6 वर्षं थांबायला सवड राहिली नाही. तेव्हा मालकांनी लेबलावरून वर्षांचे शब्द काढून टाकले आणि आकडा तेवढा जागेवर ठेवला. नुसता 6. कसला, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला तो आकडा फार आवडला होता. खोटं न बोलता गप्प कसं राहावं, याचा इतका नेटका नमुना मी सरकारी पत्रव्यवहारातही पाहिलेला नाही.

तर ही झाली खालची फळी. दुसऱ्या टोकाला असतात त्या 'डस्टी', म्हणजे धूळ खाल्लेल्या बाटल्या. 1960 ते 90 च्या दरम्यान कधी तरी भरलेल्या, आणि ज्या भट्टीतून आल्या ती भट्टी आता बंद. सध्या त्यांचा दबदबा विचारू नका. त्यांचे लिलाव होतात, बारमध्ये औंसाच्या भावाने मिळतात, आणि नादिष्ट लोक रविवारी गाडी काढून खेडोपाडीच्या दुकानांचे मागचे कोनाडे हुडकत फिरतात. 2017 साली केंटकीच्या विधिमंडळाने तर त्यांच्यासाठी खास कायदाच केला. लोकांच्या घरात पडून असलेल्या, न उघडलेल्या जुन्या बाटल्या दुकानांनी आणि बारनी रीतसर विकत घ्याव्यात, रीतसर विकाव्यात. आजोबांच्या फडताळाला राजमान्यता मिळाली.

पण या बाटल्या आजवर उरल्या कशा, असा साधा प्रश्न विचारला की त्यांचा सगळा थाट उतरतो. उरल्या, कारण कोणी घेतल्या नाहीत. 1970 च्या सुमाराला बर्बनचा खप शिखरावर होता. तिथून जो घसरला, तो पुढची दोन-तीन दशकं घसरतच गेला. पोरांना बापाची दारू नको झाली. त्यांना व्होडका हवी होती, जिला ना रंग, ना वास, ना घराणं. गोदामांत पिंपं तशीच पडून. मग मालक मंडळींना नाना कल्पना सुचू लागल्या. हत्ती, मोटारी, टर्की कोंबडे अशा आकारांच्या चिनीमातीच्या बाटल्या निघाल्या. ओल्ड क्रोवाल्यांनी 1969 मध्ये बुद्धिबळाचा अख्खा डाव बाजारात आणला होता. 32 मोहरे, आणि प्रत्येक मोहरा म्हणजे 10 वर्षं मुरलेल्या बर्बनची बाटली. वजीर मारला की तो मारणाऱ्याने प्यायचा की हरणाऱ्याने, याचा नियम कुठे छापलेला मला सापडला नाही.

खप नसल्याचा एक परिणाम मात्र पिणाऱ्याच्या पथ्यावर पडला. लेबलावर छापतात ते वय कायद्याने किमान वय असतं. 4 वर्षांच्या बाटलीत 7 वर्षांचा माल भरायला कोणाची ना नाही. एरवी असं कोण भरेल? पण पिंपं हलतच नसतील तर माल म्हातारा होत जातो, आणि तोच साध्या बाटलीत भरून विकावा लागतो. बर्बनला कुत्रं विचारत नव्हतं, त्या वर्षांत तळाच्या बाटलीत असा माल जाऊ शकत होता आणि तीही कोणी उचलत नव्हतं. आज लिलावात ज्यांच्यासाठी हात वर होतात, त्यातल्या कित्येक बाटल्या त्यांच्या ऐन तारुण्यात याच खालच्या फळीवर होत्या.

भट्ट्या बंद पडल्या त्याही याच काळात. भट्टी बंद पडते म्हणजे दाराला कुलूप लागतं आणि संपलं, असं नसतं. त्यानंतर जे चालतं ते थेट आपल्याकडच्या वाड्याच्या वाटणीसारखं. स्टिट्झेल-वेलरचंच घ्या. 1935 साली डर्बीच्या शर्यतीच्या दिवशी लुइव्हिलला लागून असलेल्या शायव्हलीत ही भट्टी उघडली. मालक पॅपी व्हॅन विंकल. यांच्या बर्बनमध्ये रायऐवजी गहू. केमिस्ट लोकांना इथे मज्जाव आहे, अशी पाटी त्यांनी लावून ठेवली होती. 1972 मध्ये घराण्याने ती विकली, मग मालकांमागून मालक बदलत गेले आणि 1992 मध्ये गाळप थांबलं. नंतर वाटण्या झाल्या. इमारत आणि गोदामं आज डिआजिओकडे. ओल्ड फिट्झजेराल्ड हे नाव हेवन हिलकडे. वेलर बफेलो ट्रेसकडे. रेबेल येल आणखी तिसऱ्याकडे. आणि खुद्द व्हॅन विंकल घराणं बफेलो ट्रेसच्या आश्रयाला. पॅपीच्या नावाची जी बाटली आज काचेच्या कपाटात बसते, ती आता तिथे गाळली जाते. अजून गव्हाचीच, पण वाडा दुसरा.

केंटकीतल्याच फ्रँकफर्टजवळ तर खरोखरीचा वाडा आहे. कर्नल टेलर नावाच्या हौशी गृहस्थांनी 1887 मध्ये ओल्ड टेलरसाठी चुनखडीच्या दगडात बुरुजाबिरुजांचा किल्ला बांधला. विहिरीला खांबांचा मंडप, खाली बाग. 1972 मध्ये भट्टी बंद झाली आणि पुढची 40 वर्षं तिथे झाडंझुडपं माजली. 2014 मध्ये नव्या माणसांनी तो विकत घेतला, साफ केला, पुन्हा गाळायला सुरुवात केली. पण ओल्ड टेलर हे नाव त्याआधीच दुसऱ्या कंपनीने घेतलेलं. वाडा एकाला, आडनाव दुसऱ्याला. बिचाऱ्यांनी 'कॅसल अँड की' असं नवं नाव लावलं, आणि पाहुण्यांना आता पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागतं.

फिट्झजेराल्डची गोष्ट मात्र वाटणीत कोणाच्याही वाट्याला गेली नाही, ती सगळेच सांगतात. व्हॅन विंकलांच्या घरात चालत आलेली कथा अशी की हा जॉन फिट्झजेराल्ड भट्टीवाला नव्हताच. तो सरकारी कर अधिकारी. कर भरल्याशिवाय दारू बाहेर जाऊ नये म्हणून गोदामाच्या किल्ल्या सरकारकडे, म्हणजे याच्याकडे. याला पिंपाची पारख जबरदस्त. रात्री गोदामात शिरून नेमक्या उत्तम पिंपातली तो काढून न्यायचा. एखादं पिंप हलकं लागलं की कामगार ओळखायचे, हे फिट्झजेराल्डचं. त्याने पसंत केलं म्हणजे माल अव्वल. चोरावर पहारा ठेवण्याऐवजी मालकांनी त्याचं नाव लेबलावर छापलं. 2012 मध्ये हेवन हिलने याच घराण्यातली 'लार्सनी' नावाची गव्हाची बर्बन काढली, म्हणजे चक्क 'चोरी'. ही बाटली परवडणाऱ्यातली आहे आणि मला आवडते. एवढा मान अजून आपल्याकडच्या कुठल्या इन्स्पेक्टरला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

भाच्याकडेही अशी एक डस्टी आहे, पण ती फिट्झजेराल्ड नव्हे, ओल्ड ग्रँडडॅड. नॅशनल डिस्टिलर्सच्या घरातली ही तीन भावंडं: टेलर, क्रो आणि ग्रँडडॅड. 1987 मध्ये जिम बीमच्या मालकांनी सगळं बिऱ्हाड विकत घेतलं आणि फ्रँकफर्टकडच्या भट्ट्या बंद केल्या. क्रोची सगळ्यात वाईट अवस्था झाली. डॉ. जेम्स क्रो हा स्कॉटलंडहून आलेला माणूस. आंबवणाचा थोडा भाग पुढच्या घाण्यात घालायची सावर मॅश पद्धत त्याने मोजमाप लावून शिस्तीत बसवली, आणि एकोणिसाव्या शतकात त्याच्या नावाला केवढी पत होती. आज त्याच्या नावावर 3 वर्षांची, 40 टक्क्यांची, फरशीलगतची बाटली आहे. ग्रँडडॅडचं नशीब बरं. त्याची जास्त राय घालायची रीत बीमने मोडली नाही.

ती बाटली दाखवण्याआधी भाच्याने मला हात धुऊन यायला सांगितलं. नारिंगी लेबल, त्यावर भारदस्त म्हाताऱ्याचा अर्धपुतळा. झाकणावरून दोन्ही अंगांनी गळ्यापर्यंत उतरलेली हिरवी कागदी पट्टी, कडांना किंचित तपकिरी झालेली. हिरवी पट्टी म्हणजे बाँडेड माल, इतरांना लाल. 1897 च्या कायद्याप्रमाणे एकाच भट्टीत, एकाच हंगामात गाळलेली, निदान 4 वर्षं सरकारी कुलपात मुरलेली आणि बरोबर 50 टक्क्यांवर भरलेली. पट्टीवर बारीक अक्षरांत जन्म आणि बारसं दोन्ही: गाळली 1970 च्या वसंतात, भरली 1975 च्या शरदात. भाच्याने टॉर्च लावून मला एकेक खूण दाखवली. माप मिलिलिटरमध्ये नाही, क्वार्टच्या चार-पंचमांश. बारकोड नाही. गरोदर बायका आणि वाहनचालक यांना दिलेला सरकारी इशारा नाही, तो आला 1989 मध्ये. बाटली उलटी न करता, नुसती वर उचलून, तळाच्या काचेत उमटलेला 75 दाखवला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बूच नाही, फिरकीचं झाकण. जुनं बूच उघडताना भुगा होऊन आत पडतं. स्वस्त बाटली म्हणून तिला बूच मिळालं नाही, आणि म्हणूनच ती धड राहिली. तरी दारू खांद्याच्या बोटभर खाली गेलेली होती. झाकण बंद असलं तरी पन्नास वर्षांत थोडी उडतेच.

"केवढ्याला घेतलीस?" मी विचारलं.

"पावती आहे, मामा. कायद्यानंतर घेतली, दुकानातून."

हे उत्तर नव्हे. भाचेसुनेला सांगितलेला भाव आणि मला सांगितलेला भाव यांत फरक होता. पावतीवरचा बहुधा तिसराच असावा.

या नादात आणखी जुन्या बाटल्याही असतात, दारूबंदीच्या काळातल्या. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती, पण डॉक्टरची चिठ्ठी असेल तर औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळत होती. दर 10 दिवसांनी एक पाइंट. असा औषधी माल विकायचे परवाने मोजक्या सहा कंपन्यांना होते, आणि पॅपींच्या दुकानाने तो काळ याच औषधावर काढला. त्या बाटल्यांवर, फक्त औषधी उपयोगासाठी, असं ठळक छापलेलं असतं. भाच्याचे अमेरिकन मित्र ते वाचून पोट धरून हसतात. मी हसलो नाही. माझ्या पाकिटात महाराष्ट्र शासनाचा आजीवन मद्यसेवन परवाना आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्याखालचा तो कागद, प्रकृती राखण्यासाठी या इसमास दारू बाळगू द्यावी, अशाच अर्थाचं काही तरी म्हणतो. मी तो काढून टेबलावर ठेवला. भाच्याच्या मित्रांना हेवन हिलच्या कुठल्याही बाटलीपेक्षा त्या कागदात जास्त रस वाटला. एकाने तर विकतोस का म्हणून विचारलं.

मग एका शनिवारी दोन ग्रँडडॅड शेजारी मांडले. एक 1975 चा, दुसरा दुकानातून त्याच दुपारी आणलेला. दोघांची नावं तीच, रंग तोच, दोन्ही बाँडेड, दोन्ही 50 टक्के. नवा तळापासून दुसऱ्या फळीवर मिळाला, म्हणजे बढती मिळालेला. भाच्याने ग्लासांखाली चिठ्ठ्या चिकटवल्या, कोणता कुठला ते कळू नये म्हणून. त्याचा काही उपयोग झाला नाही. भाचेसून बर्बन पीत नाही. तिने नुसता वास घेतला आणि जुना ग्लास अलगद पुढे सरकवला.

फरक आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. नवी तोंडात गेली की आधी रायचा तिखटपणा, मग व्हॅनिला, मग भाजक्या शेंगदाण्याचा तो बीमच्या घराण्याचा वास. चटपटीत आहे, खरी आहे, पण काम झालं की उठून जाते. जुनी जाड होती. जिभेवर पसरायला वेळ घेत होती. करपायला आलेली साखर, लोण्यात परतलेला गूळ, आणि मागे मेणाची, जुन्या लाकडाची, जराशी कुबट म्हणावी अशी छटा. गिळल्यावर बराच वेळ ती गेलेलीच नव्हती.

यामागे काही कारणं खरी आहेत. 1962 पर्यंत पिंपात भरायच्या दारूला 55 टक्क्यांची मर्यादा होती, ती त्या साली 62.5 वर नेली. पिंपात जितकी कडक भरावी तितकी पिंपं कमी लागतात, गोदाम कमी लागतं, आणि बाटलीत भरताना पाणी जास्त मिसळता येतं. हिशेबाच्या वहीत हे छान दिसतं. पण ज्यांनी जुन्या रीतीप्रमाणे सौम्यच भरायची सोडली नाही, त्यांच्या बाटलीत लाकडात मुरलेलं पाणी जास्त आणि नळाचं कमी. स्टिट्झेल-वेलरने ती रीत बराच काळ सांभाळली, आणि तिच्या नावाला आजही जो मान आहे त्यात या हट्टाचा वाटा आहे. शिवाय बाटलीत शिरलेल्या जराशा हवेनेही वर्षानुवर्षं आपलं काम केलेलं असतं. आणि एक कारण बाटलीत नसतंच. भट्टी बंद आहे, हे जिभेला आधीच माहीत असतं. चालू भट्टीच्या दारूत आपण खोट काढतो. बंद पडलेल्या भट्टीच्या दारूतला कुबटपणासुद्धा वारसा होतो.

त्या संध्याकाळी जुन्या बाटलीसमोर आम्ही कसे बसलो होतो ते मात्र सांगण्यासारखं आहे. चकण्याला हात लावायचा नाही, असा भाच्याचा दंडक. खारे शेंगदाणे वाटीत मधोमध, आणि आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत. बर्फ वर्ज्य. टीव्ही बंद. कोणी विनोद केला नाही. दुसरा घोट घ्यावा की नाही, याचा विचार करायला पहिल्या घोटापेक्षा जास्त वेळ गेला. ज्याने ती 1975 मध्ये न घेता फळीवरच सोडली असेल, त्या पंपावरच्या किंवा गिरणीतल्या कामगाराने दिवसभराच्या घामावर ती रिचवली असती, कोकमध्ये ओतली असती आणि बाटली अंगणात फेकली असती. आणि आम्ही ग्लासाच्या काठाला नाक लावून सरळ बसलेलो. उत्तम होती, यात वाद नाही. पण ती प्यायलो असं म्हणवत नाही. तिच्यासमोर हजर होतो, एवढं खरं.

मग भाच्याने जुनीचं झाकण घट्ट लावलं, बाटली कपाटात गेली, आणि नवी मध्ये आली. त्याबरोबर शेंगदाण्यांची वाटी पहिल्यांदा हलली. बर्फ आला. भाचेसुनेने कांदा चिरला. पाच मिनिटांत कोथरूडच्या फ्लॅटच्या पुनर्विकासावरून भांडण लागलं, ते रात्री साडेअकरापर्यंत. बिल्डर, सोसायटी, कार्पेट एरिया, चौथ्या मजल्यावरच्या काकांनी सही अडवून ठेवलेली. नवा ग्रँडडॅड हे सगळं निमूटपणे ऐकत कमी होत गेला. माझ्या मते बर्बनचं काम हेच आहे, आणि 25 डॉलरच्या आसपासची बाटली ते करते. 1975 च्या बाटलीने त्या रात्री तेवढं केलं नाही. तिची चूक नाही, तिला कोणी करू दिलं नाही.

अर्थात स्वस्त बाटलीचंही खरं नसतं. हेवन हिलकडे पांढऱ्या लेबलाची 6 वर्षांची बाँडेड होती. 12 डॉलरच्या आसपास मिळायची, केंटकीबाहेर जवळपास दिसायचीच नाही, आणि जाणकार गाडीच्या डिकीत भरभरून न्यायचे. 2018 मध्ये ती बंद झाली. पुढच्याच वर्षी देखण्या बाटलीत परत आली, 7 वर्षांची होऊन, 40 डॉलरला. एक वर्ष जास्त मुरल्याचे 28 डॉलर. माझा एलआयसीचा एजंट हे ऐकून अंतर्मुख झाला. याच हेवन हिलची बार्ड्सटाउनची भट्टी 7 नोव्हेंबर 1996 ला जळाली. 7 गोदामं, 90,000 वर पिंपं, पेटलेल्या दारूचे ओघळ रस्त्याने वाहत होते. आता आगीआधी गाळलेल्या त्यांच्या साध्यासुध्या बाटल्याही डस्टींमध्ये मोजल्या जातात. भट्टी बंद नाही पडली तर निदान जळावी लागते.

चाक पुन्हा फिरायला लागलंय, असं भाचा म्हणतो, आणि त्याचं चूक नाही. केंटकीची लोकसंख्या 45 लाखांच्या घरात, आणि गोदामांत मुरत असलेली पिंपं दीड कोटीच्या आसपास. तान्ह्या बाळालाही तीन पिंपं येतात. पुन्हा माल जास्त, पुन्हा खप मंद. काही नव्या भट्ट्या दिवाळखोरीत गेल्या, आणि बीमनेही क्लेरमाँटच्या मुख्य भट्टीतलं गाळप 2026 मध्ये थांबवायचं जाहीर केलं. म्हणजे 1970 नंतर जे झालं, ते पुन्हा सुरू. म्हणजे आजची खालची फळी ही उद्याची डस्टी. हे गणित मांडून भाच्याने तळघरात खास कपाट करून घेतलंय. त्यात एव्हन विल्यम्स बाँडेड, ग्रँडडॅड, लार्सनी. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी, तारखेसह. उजेड नाही, ऊन नाही, बाटल्या उभ्या. तो म्हणतो 2060 पर्यंत हात लावायचा नाही.

"आणि भट्टी तोवर बंद नाही पडली तर?" मी विचारलं.

तो जरा वेळ बोलला नाही. लोकांच्या नोकऱ्या जाव्यात असं उघड कसं म्हणणार? तो बायको जवळ नाही हे पाहून हळूच म्हणाला, "एखादी तरी पडेल रे."

बायको जिन्यातच होती. ती म्हणाली, "मामा, त्या कपाटात दर पाडव्याला बाटल्या भरतो हा. मग महाराष्ट्र मंडळाची गणपतीची मीटिंग होते, कोजागरी होते, भारताची मॅच होते. आजवर त्यातली एकही दिवाळीच्या पुढे गेलेली नाही." आणि ती खाली उतरली, कारण वर पाहुणे आले होते.